चौकाला मुहूर्त, सोंगाला मान

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात चित्राला आणि मुखवट्याला वेळ ठरलेली असे. वारल्यांच्या घरात लग्न निघाले की भिंतीवर चौक लिहिला जाई. एरवी ती भिंत गेरूने सारवलेली, कोरीच राही. शिमगा उलटला, गावात बोहाडा, म्हणजे मुखवट्यांचा उत्सव, ठरला, की जपून ठेवलेली सोंगे बाहेर निघत. एरवी ती कुणी सहज तोंडाला लावत नसे. चौक कुणी लिहायचा आणि सोंग कुणी नाचवायचे, हेही ठरलेले. आज शहरातल्या दिवाणखान्यात वारली चित्र आणि जव्हारचा रंगीत मुखवटा शेजारी शेजारी टांगलेले दिसतात. त्यांची रेषा आणि रंग तिथवर पोहोचलेले असतात. त्यांची वेळ आणि त्यांचे मानकरी मागेच राहिलेले असतात. ही सुटका कशी झाली, तिच्यात काय हाती आले आणि काय गेले, हे पाहायचे तर आधी या मुलखाकडे वळावे लागते.

जव्हार हे महादेव कोळी असलेल्या मुकणे घराण्याचे संस्थान. जायबा मुकणे हा त्याचा संस्थापक. त्याचा मुलगा नेमशहा याला १३४३ मध्ये दिल्लीच्या महंमद तुघलकाने राजा म्हणून मान्यता दिली, आणि पुढे सहा शतके हे छोटे राज्य डोंगरात टिकून राहिले. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज ज्या माळावर थांबले, तो शिरपामाळ आजही जव्हारला दाखवतात. संस्थानाचा विस्तार ३१० चौरस मैल, आणि १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या पन्नास हजारांच्याही आत. शेजारचा मोखाडा मात्र इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यातला, शहापूर तालुक्याचा एक पेटा. १९४८ मध्ये जव्हार संस्थान विलीन झाले आणि दोन्ही भाग एका जिल्ह्यात आले. १ ऑगस्ट २०१४ पासून तो जिल्हा पालघर.

राजवटी दोन होत्या, पण माणसे तीच: वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, मल्हार कोळी, कातकरी. बोहाडा संस्थानात होता तसाच इंग्रजी हद्दीतही होता. घाट चढून त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे गेले तरी तो भेटतो. नाशिकच्या काही भागांत त्याला आखाडी म्हणतात, डांगात भवाडा. एवढ्या मुलखात, इतक्या वेगवेगळ्या अमलांखाली पसरलेली गोष्ट कुणा एका दरबाराच्या आश्रयाने वाढली असे मानणे कठीण आहे. ती गावाची आणि गावदेवीची होती, म्हणूनच सरहद्दी ओलांडून गेली.

आधी चौकाकडे जाऊ.

कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर माती आणि शेण लिंपले की कूड तयार होतो. या कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात फिरवून तांबडी जमीन करतात. पांढरा रंग म्हणजे भिजवून वाटलेले तांदळाचे पीठ. ते धरून राहावे म्हणून त्यात थोडा डिंक. लिहायला बांबूची बारीक काडी, टोक चावून किंवा ठेचून मऊ केलेली. साधने एवढीच. मात्र हे पीठ ओले असताना जवळजवळ दिसत नाही. वाळत गेले की पांढरे होत उजळते. त्यामुळे लिहिणारीला रेघ पूर्ण दिसण्याआधीच पुढची ओढावी लागते. हाताला सवय आणि मनात आकृती पक्की असल्याशिवाय हे जमत नाही, आणि खोडायची सोय तर नाहीच.

लग्नचौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा, म्हणजे नवरा हयात असलेल्या बायकांचा. चौकोनाच्या कडेने एकात एक पट्टे येतात: साखळ्या, नागमोडी रेघा, त्रिकोणांच्या रांगा. मधल्या जागेत पालघट. ही झाडापेरांची, सुफलतेची देवी. तिचे अंग दोन त्रिकोणांचे, टोकाला टोक लावलेले, हात वर गेलेले. तिच्या आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी अशा खुणा. चौकाच्या बाहेर मग जग मोकळे होते. झाडे, मोर, वाघ, घोड्यावरचे नवरा-नवरी, तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसे हे सगळे तिथे. आत शिस्त आणि बाहेर पसारा, ही मांडणी इतकी पक्की आहे की अनोळखी माणसालाही देवीची जागा कोणती आणि माणसांची कोणती हे कळते.

शेजारी लहान देवचौक असतो. त्यात पंचशिऱ्या: घोड्यावर स्वार झालेला, मस्तकाच्या जागी धान्याची पाच कणसे फुटलेला देव. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. पुरोहिताचे कामही तिचेच. लिहून झालेला चौक कापडाने झाकतात. भगताच्या अंगात आले की तो ते कापड दूर करतो, आणि तेव्हा पालघटाचे दर्शन होते. रेघा तर दुपारीच संपलेल्या असू शकतात, पण गाणे, झाकणे आणि भगताचा हात लागल्यावरच चौक पुरा होतो. पालघटावाचून लग्न लागत नाही असे वारली सांगतात ते या अर्थाने. चित्रकलेच्या पुस्तकांत या कलेची ओळख बहुधा वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीन आकारांत संपवली जाते. आकार ते आहेतच. पण धवलेरी, सवाशीण आणि भगत ही तीन माणसे वगळून चौक समजावून सांगता येईल, असे मानणे चूक आहे.

वारली चित्रे पाच हजार वर्षांपूर्वीची आहेत, असे विधान सर्रास छापले जाते. भीमबेटकासारख्या ठिकाणच्या शैलचित्रांशी आकृत्यांचे साम्य आहे, हे खरे. पण साम्य म्हणजे वय नव्हे. कुडाची भिंत पावसाळ्यात खचते, पुन्हा लिंपावी लागते, आणि पुढच्या लग्नाला नवा चौक येतो. आधीचा पुरावा दर काही वर्षांनी मातीत मिसळत राहिलेला आहे. जॉन विल्सन यांनी १८४३ मध्ये वारली आणि कातोडी (कातकरी) यांच्याविषयी छापलेल्या लेखात वाघ्या देवाचे वर्णन आहे: शेंदूर आणि तूप माखलेला, आकार नसलेला दगड. या भागात आज दिसणाऱ्या वाघदेवाच्या लाकडी फळ्यांवर वाघाबरोबर सूर्य, चंद्र आणि नाग कोरलेले असतात. अशा लेखी नोंदी आणि कोरलेली लाकडे यांच्या आधारे शंभर-दोनशे वर्षे मागे जाता येते. भिंतीच्या आधारे मात्र सहस्रके मोजता येत नाहीत. ज्या समाजाने आपली चित्रे जपून ठेवण्यापेक्षा ती पुन्हा पुन्हा लिहिता येणारे हात जपले, त्याच्यावर उगाच पाच हजार वर्षांचे ओझे कशाला?

या चौकाची एक बाजू चित्रांच्या पुस्तकांत येत नाही. ती कर्जाची. लग्नाला दारू हवी, भात हवा, लुगडी हवीत. त्यासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे उचलायचे आणि फेड म्हणून नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. या वेठीला बांधलेल्यांना लग्नगडी म्हणत. डहाणू, तलासरी, उंबरगावच्या पट्ट्यात ही पद्धत इतकी रुजलेली होती की १९४५ मध्ये किसान सभेने वारल्यांना उठवले तेव्हा वेठबिगार आणि लग्नगडी या दोन्ही प्रथा मोडणे हीच पहिली मागणी होती. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्या लढ्याचे. योगायोग असा की के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे इंग्रजी पुस्तकही १९४५ चेच. एका बाजूला रीतीरिवाजांची बारकाईने नोंद होत होती, दुसऱ्या बाजूला त्याच रीतींच्या खर्चाने बांधलेली माणसे सुटायला धडपडत होती.

लग्न परवडत नाही म्हणून अनेक जोडपी आधी संसार मांडत आणि पुढे सवडीने लग्न लावत. मुलांच्या लग्नाच्या मांडवात आईबापांचेही लग्न लागल्याची उदाहरणे जव्हार-मोखाड्यात नवलाची नाहीत. म्हणजे चौक लिहिण्याची वेळ एखाद्या घरात वीस-पंचवीस वर्षे लांबलेली असे. अशा घरात पालघट अखेर भिंतीवर येत असेल तेव्हा तिला केवढे वजन असेल! सजावट हा शब्द तिथे फार तोकडा आहे.

मग कागद आला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना वारली पाड्यांवर पाठवले. कुलकर्णी यांनी त्याआधी बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांना कागदावर चित्रे काढायला लावली होती. इकडेही सवाशिणींच्या हातचे काम कागदावर उतरवायचे असा विचार होता. डहाणू तालुक्यातल्या गंजाड परिसरात त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. बायकांचे मानलेले काम हा पुरुष लहानपणापासून मनापासून करत होता. लग्नाची वाट न पाहता तो रोज चित्रे काढत असे, आणि कुलकर्णी यांना हेच वेगळेपण दिसले. म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिशियन द ला तेर’ या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे काम लागले. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात त्यांनी रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंतासोबत प्रदर्शन केले. २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते वारले. यशोधरा दालमिया यांनी वारल्यांच्या चित्रसृष्टीवर लिहिलेले पुस्तक १९८८ चे. त्यातल्या चौकाच्या, धवलेरीच्या आणि पालघटाच्या नोंदींवर आजही बहुतेकांचे लिहिणे उभे आहे.

कागदाने बरेच काही मोकळे केले. मासेमारी, भातलावणी, मध काढणे, गोष्टीतली माणसे, पुढे आगगाडी आणि शाळाही चित्रात आल्या. भिंतीवर चौकाच्या बाहेर असलेला पसारा कागदावर मध्यभागी आला. म्हसे यांचे मासे पकडायचे भले मोठे जाळे पाहावे. हजारो बारीक रेघा, आणि त्या रेघांत हलणारे पाणी. भिंतीवर हे कधीच झाले नसते. पण या वाटेवर चित्रकार बहुतांशी पुरुष झाले, आणि चौक लिहिणाऱ्या बायका नाव नसलेल्या राहिल्या. सवाशीण चौकाखाली सही करत नाही. बाजाराला सहीशिवाय चालत नाही. आज ठाकर आणि मल्हार कोळी समाजातलेही कितीतरी हात हीच शैली रंगवतात, आणि वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. मानांकन नावाचे आणि मुलखाचे रक्षण करते. चौक कुणी लिहायचा, हे ठरवणे त्याच्या कक्षेत येत नाही. ते पाड्यावरच ठरते. सिमेंटच्या घरकुलात लग्न असले तरी भिंतीच्या एका भागाला गेरू लावून तिथे सवाशिणी बसतात.

डहाणूची कथा जगभर गेली. जव्हार-मोखाड्याचे नाव मात्र बाहेर पोहोचले ते वेगळ्याच कारणाने. १९९२ च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले, आणि तेव्हापासून या दोन तालुक्यांची ओळख वर्तमानपत्रात कुपोषणापुरती उरली. ती बातमी खरीच होती. पण त्याच गावांत वर्षातून काही रात्री जे उभे राहते, ते पाहायला फार थोडे बातमीदार थांबले.

भाताची कापणी झाली, दिवाळी सरली, की इथली कुटुंबे वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर जातात: भिवंडी, वसई, कल्याणच्या दिशेने. शिमग्याला ती परततात. बोहाडा याच उन्हाळी दिवसांत येतो. गावे रिकामी असतात तेव्हा तो होऊ शकत नाही आणि पाऊस पडला की होऊ शकत नाही. मधल्या एवढ्याशा फटीत जगदंबेचा उत्सव बसवलेला आहे. मोखाड्याचा बोहाडा त्यातला विशेष नावाजलेला. गावागणिक रात्रींची संख्या वेगळी: कुठे तीन, कुठे सात. सुरुवातीच्या रात्री साध्या, शेवटची मोठी. त्या रात्री सोंगे एकामागून एक निघतात आणि उजाडेपर्यंत थांबत नाहीत.

क्रम ढळत नाही. आधी गणपती, मग मोरावरची शारदा, आणि त्यानंतर रामायण-महाभारतातली आणि पुराणांतली मंडळी: राम-लक्ष्मण, मारुती, रावण, त्राटिका, भीम, नरसिंह, खंडेराव, वेताळ. अखेरीस देवी आणि महिषासुर. संबळ आणि पिपाणीच्या तालावर सोंग गल्लीतून पुढे सरकते, मागे येते, गिरकी घेते, पुन्हा पुढे जाते. टेंभ्यांच्या उजेडात रंग हलतात. बहुतेक सोंगांना बोलणे नाही. सगळे काम मान, खांदे आणि पाय करतात. संबळाची चाल सोंगागणिक बदलते, आणि जाणता माणूस डोळे मिटूनही कोण आले ते सांगू शकतो.

कोणते सोंग कुणाचे, हा मानाचा प्रश्न. एखाद्या घरात रावण पिढ्यान्‌पिढ्या असतो, एखाद्या घरात नरसिंह. मुखवटा त्या घरात राहतो, त्याची पूजा होते, आणि ते सोंग त्याच घरातला माणूस नाचवतो. नवस असतो, उपास असतो. राक्षसाचे सोंग घेणारा घराण्याचा मान म्हणूनच ते घेतो. रावणाला या मांडवात कमीपणा नाही. वारली, कोकणा, ठाकर, कोळी अशा वेगवेगळ्या समाजांना एका रात्रीत, एका क्रमात जागा देणारी ही रचना आहे. गावाचा नकाशाच जणू त्या रात्री गल्लीतून चालत जातो.

मुखवटा करण्याचे काम चिकाटीचे. पूर्वी ते लाकडाचे असत, सावर-पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचे. पण कितीही हलके लाकूड घेतले तरी ते मानेवर घेऊन नाचणे अवघडच, त्यात दहा तोंडांचा रावण असेल तर विचारायलाच नको. कागदी मुखवट्याने हा भार उतरवला. त्यासाठी आधी मातीचा साचा घडवायचा. नाक, कपाळाची उंची, गालांचे फुगे, सुळे यांचा सगळा विचार इथेच होतो. मातीवर कागदाचे तुकडे खळीत बुडवून एकावर एक चढवायचे. मधे जुन्या कापडाचा थर दिला की मुखवटा चिवट होतो. खळ चिंचोक्याची असली तर वाळल्यावर कडक होते. प्रत्येक थर उन्हात सुकू द्यायचा, म्हणून हे कामही पावसाळ्याबाहेरचेच. पुरेशी जाडी आली की साच्यातली माती काढून टाकायची, कडा कापायच्या, पांढऱ्या मातीचा हात देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करायचा आणि मग रंग. रंगात गोंधळ चालत नाही. रामाला निळा-हिरवा, मारुतीला शेंदरी, राक्षसांना तांबडा-काळा आणि बाहेर आलेले दात. गेरू, पिवडी, काजळी, नीळ यांच्या जागी आता डब्यातले तैलरंग आलेले आहेत. ते चकाकतात आणि टिकतात. टेंभ्याच्या उजेडासाठी जुने मंद रंग अधिक चांगले होते, असे वाटण्याला जागा आहे. पण गॅसबत्ती आणि विजेच्या दिव्यांत नाचणाऱ्या सोंगाला चकाकी शोभते, हेही मान्य करायला हवे.

जव्हारजवळच्या रामखिंड गावात मुखवटे घडवणारी घरे आहेत. गावोगावच्या मंडळींचे जुने सोंग डागडुजीला येते, कधी नवे करून मागतात. त्याच हातांनी आता भिंतीवर टांगायचे छोटे मुखवटेही होतात, प्रदर्शनांसाठी आणि पर्यटकांसाठी. दोन्हींतला फरक करणाऱ्याला ठाऊक असतो. भिंतीवरच्या मुखवट्याला आतून माणसाचे डोके बसायची गरज नाही, मानेला पेलायचे नाही, घामाने भिजून पुन्हा वाळायचे नाही. त्यामुळे तो सपाट होत जातो आणि चेहरा फक्त समोरून पाहण्याचा उरतो. नाचणाऱ्या सोंगाचे नाक आणि गाल बाजूने येणाऱ्या उजेडासाठी उंच घडवलेले असतात. या कारागिरांना विक्रीतून चार पैसे मिळतात हे फार चांगले आहे. उन्हाळ्यातल्या थोड्या रात्रींवर कुणाचे घर चालत नाही. पण खरेदीदाराने निदान एकदा तरी तेच मुखवटे गल्लीत चालताना पाहावेत.

पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात वारली चित्रेही आहेत आणि मुखवटेही. अशा संग्रहांना आता एक काम करता येण्यासारखे आहे. मुखवट्याखालच्या पाटीवर देवाचे आणि जमातीचे नाव असले की माहिती पुरी झाली असे समजू नये. गाव कोणते, सोंगाचा मान कोणत्या घराचा, रात्रीच्या क्रमात ते कितवे आणि त्याच्यासाठी संबळाची चाल कोणती, एवढे तरी लिहून ठेवावे. चौकाचे छायाचित्र असेल तर तो लिहिणाऱ्या सवाशिणींची आणि गाणाऱ्या धवलेरीची नावे त्यांच्या संमतीने नोंदवावीत. हे सांगू शकणारी माणसे पाड्यांवर आहेत. दिवाळीनंतर विचारायला गेले तर त्यांतली बरीच वीटभट्टीवर गेलेली असतील. शिमगा ते पहिला पाऊस या दिवसांत ती घरी भेटतात.